एमएचटी-सीईटी (पीसीएम) : शेवटचे दहा दिवस आणि पेपरातली १८० मिनिटे

शिकवणीवाला

एमएचटी-सीईटी ही इंजिनिअरिंग प्रवेशाची राज्याची परीक्षा, पीसीएम म्हणजे तिचा फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचा गट. हॉल तिकिटे आली की तेच प्रश्न सुरू होतात. आता कोणता धडा करू, अजून किती मॉक (सराव परीक्षा) देऊ, अकरावीचं काय करू. उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा काढतोय. केमिस्ट्री, प्रवास, कागदपत्रं यांतले जाणकार इथे आहेतच, त्यांनी भर घालावी. जेईई या देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा विषय तुलनेपुरताच आणूया.

पेपरची रचना आधी सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर ठरतात. फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क, दोन्ही मिळून ९० मिनिटे. नंतर मॅथ्सचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, वेगळी ९० मिनिटे. एकूण २००. निगेटिव्ह मार्किंग नाही. पहिली ९० मिनिटे संपली की फिजिक्स-केमिस्ट्रीचा भाग बंद होतो, मग मागे जाता येत नाही. अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, बारावीचा ८०.

आता भागाकार करा. पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद, मॅथ्समध्ये १०८. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्नांना तीच १८० मिनिटे, म्हणजे प्रश्नामागे १४४ सेकंद. जेईईची तयारी केलेली हुशार मुलंसुद्धा सीईटीत अडखळतात, त्याचं एक मोठं कारण हे. त्यांना प्रश्न येतो, पण त्याच्याशी तीन मिनिटं झुंजायची सवय असते. सीईटीत न येणाऱ्या प्रश्नांपेक्षा, येत असलेल्या प्रश्नांपर्यंत वेळेत न पोचल्यामुळे जास्त मार्क जातात. म्हणून या दहा दिवसांत नवीन धडा उघडायच्या आधी वेळेचं गणित पक्कं करा.

माझा आग्रह असा :

पहिल्या भागात केमिस्ट्री आधी. थिअरीचे प्रश्न वाचताक्षणी येतात किंवा येत नाहीत, मध्ये काही नसतं. ३२ ते ३५ मिनिटांत ५० प्रश्न बघून व्हायला हवेत. मग फिजिक्सला ५० मिनिटे. उरलेली पाच राखीव.

मॅथ्समध्ये तीन फेऱ्या. पहिल्या फेरीत पहिला ते पन्नासावा सगळे प्रश्न बघायचे आणि पहिली ओळ वाचून रीत डोळ्यासमोर आली तरच सोडवायचे. पन्नासावा प्रश्न ५० व्या मिनिटाच्या आत दिसलाच पाहिजे, कारण सोपा प्रश्न सत्तेचाळीसाव्या जागीही असू शकतो. दुसऱ्या फेरीत रीत माहीत आहे पण आकडेमोड लांबलचक आहे असे. तिसऱ्या फेरीत पर्याय खोडून अंदाज. शेवटी एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

---

प्रथमेश_बारावी

सर, केमिस्ट्री २५ मिनिटांत झाली तर वाचलेला वेळ मॅथ्सला मिळतो का? आणि अंदाजाने टाकताना सगळीकडे एकच पर्याय द्यायचा का?

---

शिकवणीवाला

मिळत नाही. वाचलेली मिनिटं फिजिक्समध्येच वापरायची.

अंदाजाबद्दल. चार पर्यायांत डोळे मिटून टाकलेलं उत्तर सरासरी चारात एकदा बरोबर येतं. मॅथ्सचे १२ प्रश्न कोरे राहिले तर शून्य, टाकले तर सरासरी ३ बरोबर, म्हणजे ६ मार्क. अक्षर कोणतं यानं सरासरी बदलत नाही. पण एकच अक्षर ठरवून ठेवलं की विचार करायला लागत नाही आणि एका मिनिटात बारा-पंधरा प्रश्न भरून होतात. दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळत असेल तर मात्र ठरलेलं अक्षर विसरा, उरलेल्या दोनांतून निवडा. तिथे बरोबर येण्याची शक्यता दोनात एक होते.

हे काम शेवटच्या तीस सेकंदांवर ढकलू नका. घड्याळात ३ मिनिटे उरली की हातातला प्रश्न सोडायचा, अर्धा झालेला असला तरी.

---

निरंजन_के

स्क्रीनबद्दल एक. पर्यायावर टिचकी मारून सरळ उजवीकडच्या नंबरांवर उडी मारली तर उत्तर नोंदलं जात नाही. 'सेव्ह अँड नेक्स्ट' दाबावंच लागतं. घाईत अंदाजाची उत्तरं भरताना नेमकी हीच चूक होते आणि पॅलेटवर, म्हणजे त्या नंबरांच्या चौकटीत, तो नंबर लालच राहतो. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर सरावाची मॉक लिंक असते, ती एकदा तरी मोबाइलवर नाही, कॉम्प्युटरवर माउस धरून सोडवा. घरी कॉम्प्युटर नसेल तर जवळच्या सायबर कॅफेत एक तास बसा.

रफ कागद केंद्रावर मिळतो. त्यावर प्रत्येक आकडेमोडीपुढे प्रश्नाचा नंबर लिहा. दुसऱ्या फेरीत परत याल तेव्हा अर्धं काम तयार सापडतं. नंबर नसेल तर तेच गणित पुन्हा पहिल्यापासून मांडलं जातं.

---

रसायनी_ठाणे

केमिस्ट्रीचं मी लिहिते. शेवटच्या दहा दिवसांत गाइड बाजूला ठेवा आणि बालभारतीचं बारावीचं पुस्तक हातात घ्या. फिजिक्स-केमिस्ट्रीची काठिण्यपातळी नीटच्या (मेडिकल प्रवेश परीक्षेच्या) आसपास आणि मॅथ्सची जेईई मेनच्या आसपास, असं सीईटी सेलच सांगतो. पण अभ्यासक्रम राज्य मंडळाचाच आहे, त्यामुळे थिअरीचं वाक्य पुस्तकातूनच उचललेलं असतं. तक्ते, आकृत्यांखालच्या ओळी, 'डू यू नो'च्या चौकटी मुलं ओलांडून जातात. पॉलिमर, बायोमॉलिक्यूल्स, ग्रीन केमिस्ट्री, गट १६-१७-१८ या धड्यांत तेच तर मार्क आहेत. हे धडे एका बैठकीत वाचून होतात आणि परीक्षेत वीस सेकंदांत उत्तर देतात. ते राहिले असतील तर आधी तेच.

ऑरगॅनिकच्या नेम रिअॅक्शन धड्यांप्रमाणे पाठ करू नका, काय तयार होतं त्यावरून गट पाडा. उदाहरणार्थ अल्डिहाइड मिळण्याचे मार्ग एका पानावर : नायट्राइलपासून स्टॅनस क्लोराइड आणि एचसीएल म्हणजे स्टीफन. अॅसिड क्लोराइडपासून हायड्रोजन आणि बेरियम सल्फेटवरचं पॅलेडियम म्हणजे रोझेनमुंड. टोल्युइनपासून क्रोमिल क्लोराइड म्हणजे एटार्ड. बेंझीनपासून कार्बन मोनॉक्साइड आणि एचसीएल म्हणजे गॅटरमन-कॉख. प्रश्नात सुरुवातीचा पदार्थ आणि रिएजंट देतात, नाव विचारतात, किंवा उलट. चारही शेजारी शेजारी लिहिलेले असले की गोंधळ होत नाही.

गणितांमध्ये मार्क जातात ते एककांवरून. थर्मोडायनॅमिक्सचं एक उदाहरण नीट बघा. डेल्टा एच = वजा ३० किलोज्यूल, डेल्टा एस = वजा १०० ज्यूल प्रति केल्व्हिन, तापमान ३०० केल्व्हिन. डेल्टा जी किती? तापमान गुणिले डेल्टा एस = वजा ३०,००० ज्यूल, म्हणजे वजा ३० किलोज्यूल. वजा ३० मधून वजा ३० गेले, उत्तर शून्य, अभिक्रिया समतोलात. डेल्टा एस ज्यूलमध्ये आहे हे ज्याच्या नजरेतून सुटलं त्याला २९,९७० येतं, आणि पर्यायांत तो आकडा दिलेला असतो. म्हणून 'आपलं उत्तर पर्यायांत आहे' हा बरोबर असल्याचा पुरावा धरू नका.

सॉलिड स्टेटमध्ये तसंच. कडेची लांबी ४०० पिकोमीटर दिली की घन करायच्या आधी सेंटिमीटर करा, ४ गुणिले १० चा वजा ८ वा घात. घन ६.४ गुणिले १० चा वजा २३ वा घात. नंतर बदलायला गेलात तर घातांकात घोळ होतोच.

कॅल्क्युलेटर नाही, म्हणून हे आकडे तोंडावर हवेत. लॉग २ = ०.३०१०, लॉग ३ = ०.४७७१, लॉग ५ = ०.६९९०, लॉग ७ = ०.८४५१. नर्न्स्टसाठी ०.०५९२. फर्स्ट ऑर्डरमध्ये ७५ टक्के व्हायला २ हाफ-लाइफ, ८७.५ टक्क्यांना ३, ९० टक्क्यांना ३.३२, आणि ९९.९ टक्क्यांना जवळजवळ १०. हे माहीत असेल तर कायनेटिक्सचा प्रश्न सूत्र न लिहिता सुटतो.

---

अनघा_मुलुंड

ताई, सर, खूप आभार. मुलीचं अकरावीचं जवळजवळ सगळं राहिलंय, क्लासने बारावीच घेतलं. दहा दिवसांत अकरावी करावी की सोडून द्यावी?

---

शिकवणीवाला

अनघाताई, सोडू नका, पण सगळं करायलाही बसू नका. २० टक्के म्हणजे प्रत्येक विषयात ५० पैकी साधारण १० प्रश्न. अकरावीचे सगळेच धडे सीईटीला नाहीत, नेमलेल्या धड्यांची यादी सेलच्या अभ्यासक्रमात आहे. ती आधी छापून भिंतीवर लावा. यादीबाहेरच्या धड्यावर घालवलेला दिवस परत मिळत नाही.

त्यातही निवड करा. फिजिक्समधले सेमीकंडक्टर, ऑप्टिक्स, गुरुत्वाकर्षण, आणि मॅथ्समधले कॉम्प्लेक्स नंबर, सरळ रेषा, वर्तुळ, लिमिट्स. यांचे प्रश्न थेट सूत्रावर असतात, आणि सरळ रेषेचा बारावीच्या पेअर ऑफ लाइन्सला आणि लिमिट्सचा डेरिव्हेटिव्हला आधारही होतो. दिवसातून दीड तास अकरावीला, तोही दुपारच्या सुस्तीच्या वेळी नाही. उरलेला वेळ बारावीलाच.

परम्युटेशन-कॉम्बिनेशन आजवर जमलं नसेल तर राहू द्या. तो विषय चार दिवसांत बसत नाही आणि एका प्रश्नासाठी इतका वेळ देणं परवडत नाही.

---

निरंजन_के

सर, इथे माझं थोडं वेगळं मत आहे. परम्युटेशनवर प्रॉबॅबिलिटी उभी आहे. किमान निवडीचे सोपे प्रकार, समिती निवडणे, रंगीत चेंडू काढणे, एवढे करून ठेवावेत. बैठकव्यवस्था आणि अक्षरांच्या मांडण्या सोडल्या तरी चालतील.

---

शिकवणीवाला

मान्य. निवडीपुरतं करा.

मॅथ्सचं सविस्तर लिहितो, कारण २०० पैकी १०० मार्क तिथे आहेत. डेरिव्हेटिव्ह व त्याचे उपयोग, इंटिग्रेशनचे तीन धडे, डिफरेन्शियल इक्वेशन्स हा एक मोठा गट. व्हेक्टर आणि लाइन-प्लेन हा दुसरा. रोजचा अर्धा वेळ या दोघांना. मॅथेमॅटिकल लॉजिक, एलपीपी, बायनॉमिअल डिस्ट्रिब्यूशन हे छोटे धडे आहेत, प्रकार ठरलेले आहेत, त्यांतला एकही मार्क जाऊ द्यायचा नाही. सरासरी ४ आणि व्हेरिअन्स ३ दिला की भागाकार करून क्यू = ३/४, पी = १/४, एन = १६. पाठोपाठ पंधरा सेकंदांत.

पेअर ऑफ लाइन्समध्ये एक सापळा दरवेळी असतो. एक्स वर्ग वजा ५ एक्सवाय अधिक ६ वाय वर्ग = ० या रेषांमधला कोन काढा. एक्सवायचा सहगुणक हा टू-एच असतो, एच नव्हे. म्हणजे एच = वजा ५/२. एच वर्ग वजा एबी = २५/४ वजा ६ = १/४. वर्गमूळ १/२, दुप्पट १, आणि ए अधिक बी = ७. टॅन थीटा = १/७. एच वजा ५ धरला तर वर्गमूळ १९ ची दुप्पट भागिले ७ येतं. पहिल्या ओळीत सहगुणक निम्मा करून लिहायची सवय लावा, मनात नाही, कागदावर.

डेफिनिट इंटिग्रलमध्ये मर्यादांची बेरीज आधी बघा. २ ते ५ पर्यंत, वर वर्गमूळ एक्स, खाली वर्गमूळ एक्स अधिक वर्गमूळ (७ वजा एक्स). मर्यादांची बेरीज ७, आणि खाली ७ वजा एक्स आहे, म्हणजे उत्तर मर्यादांच्या फरकाच्या निम्मं, १.५. इंटिग्रेशन करायचंच नाही. पर्यायांमधून मागे जायची रीतही याच जातीची : डिफरेन्शियल इक्वेशनच्या उत्तरात दिलेला बिंदू घालून बघितला तर दोन-तीन पर्याय तिथेच गळतात.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी : फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर मराठीत घेता येतो, मॅथ्स इंग्रजीतच असतं. मॅथ्सची मॉक इंग्रजीतूनच सोडवा.

---

प्रथमेश_बारावी

फिजिक्समध्ये माझा वेळ सगळ्यात जास्त जातो. सूत्रं येतात पण आकडेमोडीत अडकतो.

---

शिकवणीवाला

प्रथमेश, आकडे शेवटी घाल. आधी अक्षरांत उत्तर काढ, मग पर्याय बघ. बरेच प्रश्न गुणोत्तराचे असतात, त्यात अर्ध्या राशी कटतात.

रेझोनन्स ट्यूब घे. पहिली लांबी १६ सेंटिमीटर, दुसरी ५० सेंटिमीटर, वारंवारता ५०० हर्ट्झ. वेग = २ गुणिले वारंवारता गुणिले लांबींतला फरक = २ × ५०० × ०.३४ = ३४० मीटर प्रति सेकंद. एंड करेक्शन = (दुसरी वजा पहिलीची तिप्पट) भागिले २ = (५० वजा ४८) / २ = १ सेंटिमीटर. फरक घेतला की एंड करेक्शन आपोआप जातं, म्हणून वेगासाठी ते वेगळं काढायची गरज नाही. मुलं आधी ते काढत बसतात आणि चाळीस सेकंद तिथेच जातात.

फोटोइलेक्ट्रिकमध्ये एचसी = १२४० इलेक्ट्रॉनव्होल्ट-नॅनोमीटर. ४०० नॅनोमीटर म्हणजे ३.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट, वर्क फंक्शन २.१ असेल तर स्टॉपिंग पोटेन्शियल १ व्होल्ट. प्लँकचा स्थिरांक, प्रकाशाचा वेग, इलेक्ट्रॉनचा भार वेगवेगळे लिहिले तर दोन मिनिटं लागतात.

रोलिंगसाठी के वर्ग भागिले आर वर्ग : रिंग १, डिस्क १/२, भरीव गोल २/५, पोकळ गोल २/३. भरीव गोलाचं उतारावरचं त्वरण ५/७ जी साइन थीटा. हा तक्ता आणि गॅल्व्हानोमीटरचे शंट-सिरीजचे दोन नियम आजच पाठ कर.

---

अनघा_मुलुंड

मॉक किती द्याव्यात? क्लास रोज एक घेतोय, मुलगी थकून जाते.

---

रसायनी_ठाणे

रोज एक जास्त होतं. मॉक तीन तासांची आणि तिचं विश्लेषण तेवढ्याच वेळाचं, नाहीतर ती मॉक वाया गेली समजा. एक दिवसाआड द्या. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे एकच गोष्ट लिहायची : येत नव्हता, वाचण्यात चूक, की वेळ नाही. 'वाचण्यात चूक' ची संख्या मोठी असेल तर 'चुकीचे विधान ओळखा' या प्रकारात 'चुकीचे' शब्दावर बोट ठेवून वाचायला लावा. 'वेळ नाही' ची मोठी असेल तर नवा अभ्यास थांबवून फक्त फेऱ्यांचा सराव. शेवटची पूर्ण मॉक परीक्षेच्या दोन दिवस आधी, त्यानंतर नाही.

आणि मॉक आपल्या पेपरच्या पाळीच्या (शिफ्टच्या) वेळेलाच. हॉल तिकिटावर दुपारची पाळी असेल आणि मुलगी रोज सकाळी मॉक देत असेल तर दुपारी अडीचला येणारी झापड तिला पेपरातच पहिल्यांदा भेटेल.

---

मध्यरेल्वे_प्रवासी

प्रवासाचं मी सांगतो. केंद्र मुलुंडकराला नवी मुंबई आणि बोरिवलीकराला पवई असं येऊ शकतं. परीक्षेचा दिवस रविवार असेल तर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकलचा मार्ग बंद, धरूनच चाला. ब्लॉक एक-दोन दिवस आधी जाहीर होतो आणि साधारण सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो. सकाळच्या पाळीला जाताना त्रास नाही, परतताना होईल. दुपारच्या पाळीला मात्र जातानाच ब्लॉक लागतो.

माटुंगा-मुलुंड दरम्यान धीम्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर इथे गाडी थांबत नाही. पवईचं केंद्र असलेल्यांनी कांजूरमार्गावर विसंबू नये. विक्रोळी किंवा घाटकोपरला उतरून रिक्षा करावी. कुर्ला-वाशी दरम्यान ब्लॉक असेल तर नवी मुंबईला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जावं. पश्चिमेकडून घाटकोपरला यायचं तर अंधेरीहून मेट्रो १ ब्लॉकच्या दिवशीही चालू असते.

गूगल मॅपवर केंद्राचं नाव नाही, हॉल तिकिटावरचा पूर्ण पत्ता टाका. एकाच संस्थेच्या दोन-तीन इमारती वेगवेगळ्या उपनगरांत असतात. जमलं तर आदल्या रविवारी एकदा जाऊन या, स्टेशनपासून फाटकापर्यंत. रिपोर्टिंगची वेळ आणि फाटक बंद व्हायची वेळ वेगळी असते, दोन्ही हॉल तिकिटावर आहेत. निघायची वेळ रिपोर्टिंगवरून ठरवा.

---

निरंजन_के

कागदपत्रं : हॉल तिकिटाची छापील प्रत, मूळ फोटो ओळखपत्र, पेन. ओळखपत्रावरचं आणि हॉल तिकिटावरचं नाव जुळतंय का हे आजच बघा. वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही, असं असेल तर हेल्पलाइनला आत्ताच लिहा, फाटकावर वाद घालायला वेळ नसतो. मोबाइल आणि स्मार्ट वॉच आत नेता येत नाहीत, सोबत पालक नसतील तर घरीच ठेवा.

---

प्रथमेश_बारावी

एक शेवटचं. माझी पाळी अवघड निघाली आणि दुसऱ्यांची सोपी, तर नुकसान होतं का? ग्रुपवर सगळे तेच बोलतात.

---

शिकवणीवाला

निकाल मार्कांचा नाही, पर्सेंटाइलचा लागतो. तुझ्या पाळीत तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्क असलेले किती टक्के विद्यार्थी, हे तो आकडा सांगतो. पेपर अवघड असेल तर तो तुझ्या पाळीतल्या सगळ्यांनाच अवघड असतो आणि कमी मार्कांतही तेच पर्सेंटाइल मिळतं. व्हीजेटीआय, एसपीआयटी, आयसीटी या मुंबईतल्या कॉलेजांची कॅपमधली (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतली) यादीही पर्सेंटाइलवरच लागते. त्यामुळे पहिले दहा प्रश्न अवघड दिसले तरी फेरी मोडायची नाही. अवघड पेपरात अडकून बसणाऱ्यांचं नुकसान जास्त होतं, पुढे जाणाऱ्यांचं कमी.

आधीच्या पाळीतले प्रश्न ग्रुपवर आले तर बघू नको. तेच प्रश्न तुला येणार नाहीत, आणि त्यांतलं एखादं न सुटलेलं गणित डोक्यात घेऊन बसशील.

---

अनघा_मुलुंड

मुलीची पाळी दुपारची आहे, रविवार नाही. आजपासून मॉक दुपारी २ ला लावतेय. जेवण किती वाजता द्यावं?

---

रसायनी_ठाणे

रिपोर्टिंगच्या तासभर आधी जेवण संपलेलं असावं, प्रवास धरून. साधं वरण-भात, भाजी, थोडं ताक. तळलेलं आणि बाहेरचं नको. कॉम्प्युटर लॅबमध्ये एसी जोरात असतो, बाहेर कितीही उकडत असलं तरी पूर्ण बाह्यांचा पातळ कुर्ता घालू द्या. मॉकच्या दिवसांतही जेवणाची हीच वेळ ठेवा, म्हणजे सवय होईल.